डायल कुणाच्या हातची

डोंबिवली पूर्वेच्या एका घड्याळजींकडे हल्ली घड्याळं दुरुस्तीला कमी आणि तपासायला जास्त येतात. फोनवर फोटो बघून घेतलेली, कुरिअरने आलेली. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून कुणी रोलेक्स आणतो, कल्याणहून कुणी फेवर-ल्युबा, एखादा कॉलेजचा मुलगा सेको फाइव्ह. प्रश्न सगळ्यांचा एकच: "काका, ओरिजिनल आहे ना?" काका आता त्याचं एका शब्दात उत्तर देत नाहीत. पूर्वी देत असत, आणि तेही झाकण न उघडता.

हातात घेतलं की वजन कळायचं. चावी फिरवली की दात बोटाला सांगायचे. मग घड्याळ कानाशी. रोलेक्सचं ३१३५ मशीन १९८८ पासूनचं. ते तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. स्वस्त नकलेत तासाला २१,६०० वालं मशीन, सेकंदाला सहा. सरावलेल्या कानाला हा फरक पुरतो. समोरचा माणूस श्वास रोखून उभा, हे डोळे मिटून ऐकतायत, आणि मग मान हलवतायत. त्या क्षणाची आपल्याला चटक लागली होती, हे ते स्वतःहून सांगतात. दुकानात ठोके मोजणारा टाइमग्राफर होता, पण तो खणात असायचा. गिऱ्हाइकाने यंत्रावर नव्हे, आपल्या कानावर विश्वास ठेवावा असं त्यांना वाटे.

मग नवी नक्कल आली. तिला धंद्यात सुपरक्लोन म्हणतात. तिचे ठोकेही आठच पडतात, आतली तांबडी चाकंसुद्धा तशीच. कान निरुपयोगी झाला. तरी सुपरक्लोन हे या धंद्यातलं खरं दुखणं नव्हे. झाकण उघडलं, बॅलन्सच्या कडेवरची चिमुकली वजनं आणि हेअरस्प्रिंगचा वर वळलेला शेवटचा वेढा आयग्लासखाली पाहिला, पुलांच्या कडा कशा मारल्यात ते पाहिलं, की निकाल लागतो.

दुखणं वेगळंच आहे. घड्याळातला प्रत्येक भाग खरा, पण ते सगळे एका घड्याळाचे नाहीत, अशा वेळी काय म्हणायचं?

हे कुणालाही चकवू शकतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेलं. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ निरनिराळ्या भागांतून जुळवलेलं आहे आणि त्यात आपलेच माजी कर्मचारी गुंतले होते. ज्यांच्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत त्यांची ही गत, तर कल्याणच्या माणसाने फोनवरच्या चार फोटोंत काय ओळखायचं?

आपल्याकडच्या जुळवाजुळवीला जगभर एक नाव मिळालंय: मुंबई स्पेशल. परदेशी संग्राहक तुच्छतेने वापरतात तो शब्द. जुनी फेवर-ल्युबा सी किंग, वेस्ट एंड, एचएमटी, सेको फाइव्ह यांच्या डायली खरवडून नव्याने रंगवायच्या, केस चमकवायची, मिळतील ते काटे बसवायचे आणि ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून विकायची. फेवर-ल्युबाचं मुंबईशी नातं १८६५ पासूनचं, त्यामुळे इथल्या घराघरांत ही घड्याळं होती आणि कच्च्या मालाला तोटा नव्हता. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत सुरू झाला. कंपनी बंद होणार म्हटल्यावर 'जनता' आणि 'पायलट'ची मागणी एकदम वाढली, आणि कारखान्याने कधी वापरले नसतील अशा रंगांचे पायलट बाजारात उतरले.

सेको त्यातल्या त्यात सोपं. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना; नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. मशीनचा नंबर झाकणावर असतो आणि डायलच्या अगदी तळाशी सूक्ष्म अक्षरांतही. झाकण ७००९ म्हणतंय आणि आत ६३०९ बसलंय, तर पुढे बोलायलाच नको.

फेवर-ल्युबाला अशी सोय नाही. तिथे डायलच वाचावी लागते, आणि घड्याळजी तिथेच अडकतात. रात्री दुकान बंद झाल्यावरही टेबललॅम्प खाली ओढून बसतात. मिनिटांच्या रेघा कडेपर्यंत सारख्या जाडीच्या आहेत का? तासाची प्रत्येक खुंटी आपल्या रेघेवर नेमकी उतरते की केसभर सरकते? खुंटीच्या पायाशी रंगाचा बारीक ढीग चढलाय का? रंगवणाऱ्याने खुंट्या न काढता फवारा मारला असेल तर तो चढतोच. तळाची स्विस अक्षरं काचेच्या रिंगखाली अर्धी लपतात का? हे सगळं बघूनही कधीकधी पक्कं सांगता येत नाही, कारण कारखान्यातही एखादा ठसा तिरका पडायचा. मग डायल उतरवून पालथी करायची. मागे कानशीचे ओरखडे, नव्याने डकवलेले पाय. आणि झाकणाच्या आत जुन्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या तारखा, आद्याक्षरं. असं एखादं खुणेचं अक्षर ओळखीचं निघालं की त्यांना त्या माणसाचं टेबल आठवतं, त्याची बसण्याची पद्धत आठवते, आणि तपासणी लांबते.

कारण डायल रंगवणं हे एके काळी फसवणुकीचं काम नव्हतंच. इथल्या पावसाळ्यात, लोकलच्या गर्दीतल्या घामात, ओल आत जायची आणि डायलवर काळे डाग पडायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याला नवं घड्याळ परवडत नसे. वडलांचं घड्याळ मुलाच्या मनगटावर जायचं तर डायल रंगवूनच. जुना रंग उतरवायचा, पातळ लॅकर मारायचं, कोरलेल्या पट्टीवरून ठसा उचलून अक्षरं उमटवायची. हे हातावर पोट असलेले कारागीर होते आणि त्यांच्यातले चांगले खरोखर चांगले होते. घड्याळजींनी स्वतः त्यांच्याकडे किती डायली पाठवल्या असतील. त्याच डायली आज ऑनलाइन बाजारात 'अस्सल' म्हणून फिरतायत. रंग तोच आहे. त्याबद्दल जे बोललं जातं ते बदललंय.

चमक या गोष्टीवर मात्र त्यांचा राग आहे. अंधारात उजळणाऱ्या काट्यांवर पूर्वी ट्रिटियम असे आणि डायलच्या तळाला 'टी' अक्षर छापत. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, म्हणजे चाळीस वर्षांत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेव्हा 'टी' छापलेलं सत्तरच्या दशकातलं घड्याळ रात्रभर हिरवंगार उजळत असेल, तर तो लेप नवा आहे. गिऱ्हाइकाला नेमकी तीच चमक हवी असते. तसंच केसचं पॉलिश. लग्जच्या धारदार कडा बफवर घासून गोल करून टाकतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. ठाण्याच्या मोठ्या दुकानांत सेल बदलून वर फुकट पॉलिश करून देतात, तेव्हा घड्याळजींना ते सोसवत नाही. विक्रेत्याने स्वतःच छापून दिलेल्या प्रमाणपत्राकडे तर ते बघतही नाहीत. घड्याळ सोडून कागद तपासणारी माणसं या धंद्यात वाढली, ही त्यांच्या मते खरी घसरण.

अलीकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी भाचीला दुकानात घेतलं. ती फोनच्या कॅमेऱ्यावर भिंग लावून डायलचा फोटो काढते आणि लिलावांच्या कॅटलॉगमधल्या चित्रांशेजारी ठेवते. "मामा, हा एस बघा. खालचं वळण आखूड आहे." ते वळण त्यांना आयग्लासमधून दिसलेलं नसतं. त्यांना आनंद होतो आणि हेवाही वाटतो. हेवा जास्त काळ टिकतो, असं ते म्हणतात.

तिच्या सांगण्यावरून आता गिऱ्हाइकाला एक लेखी पान मिळतं. मशीन, केस, डायल, काटे, चावी, काच, प्रत्येकापुढे वेगळा शेरा. 'ओरिजिनल' हा एकच शेरा मागणारे नाराज होऊन जातात, काही पैसे द्यायला कुरकुरतात. पान बदललेलं नाही. भांडण आहे ते एका रकान्यावर. डायल रंगवलेली असेल तर ती साधारण कधीची, हे घड्याळजींना लिहायचं असतं. ठशाच्या हातावरून आपल्याला कळतं, आणि जुनं प्रामाणिक काम कालच्या भडक कामाच्या रांगेत बसवू नये, असा त्यांचा आग्रह. भाची म्हणते, सिद्ध करता येत नाही ते लिहायचं नाही. गेल्या आठवड्यात कल्याणच्या एका सी किंगवर त्यांनी 'ऐंशीच्या दशकातली' असं लिहिलं, तिने ते खोडलं, आणि गिऱ्हाइकाला पान खाडाखोडीसकट मिळालं.