इंजिनाआधी मडगार्ड बघा

माझ्याकडे हिरो इम्पल्स आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "एक्सपल्स का?" एक्सपल्स २०१९ साली आली. इम्पल्स तिच्या बरीच आधीची, २०११ची. हिरो आणि होंडा यांची १९८४पासूनची भागीदारी संपायचं डिसेंबर २०१०मध्ये ठरलं आणि हिरो मोटोकॉर्प या नव्या नावाने कंपनीने पुढच्याच वर्षी जी पहिली मॉडेलं काढली, त्यांत ही होती. १४९ सीसीचं इंजिन, पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची तारांचं चाक, टायरच्या वितभर वर बसवलेलं मडगार्ड, रुंद हँडल. डांबरावर चालेल आणि मुरमावरही चालेल अशी, सामान्य माणसाच्या खिशाला झेपणारी दुसरी गाडी तेव्हा आपल्याकडे नव्हती. पण खप बेताचाच झाला आणि काही वर्षांत गाडी बंद पडली. म्हणजे कारखान्यात बंद पडली. माझी चालू आहे.

मी हौसेने घाट पालथे घालणाऱ्यांपैकी नाही. माझं काम पाणलोटाचं. राहायला पुण्यात आणि बंधाऱ्यांच्या, समतल चरांच्या जागा भोर, मुळशी आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. सकाळी स्वारगेटच्या सिग्नलला ताटकळलेली गाडी दुपारी एखाद्या ओढ्याच्या पात्रात उभी असते. जीप वाडीपर्यंत जाते, पण पुढच्या पाणंदीत शिरत नाही. साधी मोटरसायकल पाणंदीत शिरते, पण दगडावर सायलेन्सर आपटून घेते. इम्पल्सचं पोट जमिनीपासून चांगलंच उंच आहे, शॉकअब्सॉर्बरला खाली-वर व्हायला भरपूर जागा आहे आणि वजन १३४ किलो आहे. हा वजनाचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भातखाचराच्या बांधावर गाडी आडवी झाली आणि आसपास चिटपाखरू नसलं, तरी एकटा माणूस ती उभी करू शकतो.

अशा दुहेरी गाडीची झीजही दुहेरी असते. शहर क्लच प्लेटा आणि ब्रेक खातं. रान बाकीचं सगळं खातं. पुढच्या फोर्कच्या पाइपवर चिखल उडतो, वाळतो आणि पाइप खाली-वर होताना ती वाळलेली माती ऑइल सीलची कड घासून काढते. पाइपवरचा रबरी बूट फाटला आणि तो वेळेवर बदलला नाही, तर सील एका पावसाळ्यात जातं. चाकाच्या बेअरिंगची तऱ्हा याहून वेगळी. घाट उतरताना ब्रेक लावून लावून हब तापलेला असतो. तसाच ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं आणि थोड्याच दिवसांत चाक कुरकुरायला लागतं. म्हणून ओढा आला की मी काठावर थांबतो. बरोबरच्यांना वाटतं, गडी पाण्याचा अंदाज घेतोय. अंदाज घेतोच, पण हब निवायचीही वाट बघत असतो.

आता सुट्या भागांचं. बंद झालेली आणि कमी खपलेली गाडी म्हटल्यावर लोक इंजिनाच्या काळजीने हळहळतात. ती काळजी फुकाची आहे. इम्पल्सचं इंजिन सीबीझी एक्स्ट्रीम आणि हंक यांच्याच घराण्यातलं. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, टायमिंग चेन, कार्बोरेटरची जेटं यांतलं बहुतेक सगळं तालुक्याच्या गावातल्या दुकानातही सापडतं, कारण त्या गाड्या गावोगाव खपल्या आहेत. फक्त दुकानात जाऊन "इम्पल्सचा पिस्टन द्या" म्हणायचं नाही. पोऱ्या कपाटाकडे न बघताच "नाही" म्हणतो. मागायचा तो नंबर.

या घराण्यातल्या गाड्यांच्या पार्ट नंबरची घडण होंडाच्या पद्धतीची आहे. आधी पाच आकडे, मग मधला तीन अक्षरांचा गट, मग शेपटाचा गट. पहिले पाच आकडे वस्तू कोणती ते सांगतात. १३१०१ म्हणजे पिस्टन, मग गाडी कोणतीही असो. मधली अक्षरं ती वस्तू मुळात कोणत्या मॉडेलसाठी घडवली ते सांगतात. सगळी गोम त्या मधल्या अक्षरांत आहे. इम्पल्सच्या पार्ट कॅटलॉगमध्ये एखाद्या वस्तूपुढे जुन्या, भरपूर खपलेल्या गाडीचा संकेत दिसला की निर्धास्त व्हायचं. ती वस्तू अजून कित्येक वर्षं मिळणार. संकेत खास इम्पल्सचाच असेल, तर ती वस्तू जिवापाड जपायची आणि कुठे दिसलीच तर गरज नसताना घेऊन ठेवायची. मी अख्खा कॅटलॉग छापून घेतला आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंवर लाल पेनाने खुणा केल्या. ती लाल यादी हाच माझ्या गाडीचा खरा आरोग्य अहवाल.

यादीबाहेरच्या वस्तूंसाठी पुण्यात नाना पेठ आहे. दुचाकीचं काहीही तिथे मिळतं आणि जे मिळत नाही ते बनवून मिळतं. माझी क्लच केबल तुटली तेव्हा मी तिथल्या एका केबलवाल्याकडे गेलो. गाडीचं नाव सांगायला लागलो, तर म्हणाला, "साहेब, नाव नका सांगू, सॅम्पल दाखवा." तुटलेली केबल त्याने टेबलावर सरळ ताणली, बाहेरच्या नळीची लांबी मापली आणि आतली तार किती बाहेर येते ते वेगळं मापलं. नवी नळी कापली, तार ओवली. टोकाला पितळी निपल सरकवल्यावर तारेचा शेंडा उकलून ब्रशासारखा फुलवला आणि तो निपलच्या खोलगट तोंडात ओढून घेऊन वरून शिसं ओतलं. मी विचारलं, "नुसतं शिसं ओतलं तर नाही चालणार?" तो म्हणाला, "चालेल की. सिग्नलला क्लच दाबलात की तार हातात येईल." तारा फुलवल्यामुळे त्या शिशात पाचरीसारख्या रुततात आणि कितीही ओढलं तरी निसटत नाहीत. त्याने एक टोक शिकंज्यात धरलं, दुसरं पक्कडीने ओढून दाखवलं आणि मगच पैसे सांगितले. ती केबल अजून गाडीवर आहे.

बेअरिंगसाठी तर गाडीच्या दुकानात जायचंही कारण नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि तो जगभर एकच असतो. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. मग ते मोटरसायकलच्या चाकात बसो नाहीतर पाण्याच्या पंपात. औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगायचा, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागायचं आणि पक्कं बिल घ्यायचं, कारण या धंद्यात नकली मालाचा सुळसुळाट आहे. ऑइल सीलवरही असेच तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. चेनचंही तसंच. ४२८मधला पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार-अष्टमांश इंच, म्हणजेच अर्धा इंच. हे आकडे वाचता यायला लागले की अडलेली निम्मी कामं सुटतात.

टायरच्या बाबतीत बुलेटवाल्यांचे उपकार. इम्पल्सच्या पुढच्या टायरचं माप ९०/९०-१९. जुन्या क्लासिक ३५०चं पुढचं मापही तेच. त्यामुळे टायर कुठेही मिळतो, पण त्याची नक्षी डांबरासाठीची. चिखलात तिच्या खाचा भरतात आणि चाक नुसतं तरंगतं. पुढे १९ इंची चाकाच्या आणखी दुहेरी गाड्या बाजारात आल्या, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२०मध्ये आणि स्क्रॅम ४११ २०२२मध्ये, तेव्हा या मापात जाड ठोकळ्यांचे टायरही दिसू लागले. त्यांचं माप १००/९०-१९, म्हणजे थोडं रुंद. उंच मडगार्डमुळे वर जागा आहे, पण फोर्कच्या दोन पायांमध्ये टायर दोन्हीकडून किती सुटतो ते बघूनच बसवायचा.

राहिली लाल यादी. हेडलाइटचं व्हायझर, पुढचं मडगार्ड, साइड कव्हर, टाकी, मीटर, फोर्कचे पाइप. या वस्तू दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या बसत नाहीत आणि गाडी पडली की नेमक्या याच फुटतात. कमी खपलेल्या गाडीचं प्लास्टिक वर्षानुवर्षं कपाटात भरून ठेवणं कुठल्याच दुकानदाराला परवडणारं नाही, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच नाही. दुरुस्तीच शिकावी लागते. प्लास्टिकचा तुकडा उलटा केला की आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं सापडतात. एबीएस असेल तर ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याच प्लास्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये घोळून केलेल्या लगद्याने तडा चांगला सांधतो. पीपी असेल तर लगदा आणि साधा गोंद दोन्ही व्यर्थ. तिथे तापवलेली तारेची पिन आत बसवून वरून पीपीचीच कांडी वितळवावी लागते. फायबरवाले जुन्या मडगार्डवरून साचा काढून हुबेहूब नवं करून देतात. दिसायला झकास, पण फायबर लवत नाही. करवंदीच्या जाळीत अडकल्यावर कंपनीचं मडगार्ड वाकून सुटतं, फायबरचं तडकतं.

मग उरतो जुना माल. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे नशिबाने आरसा, फूटरेस्ट, लिव्हर मिळून जातं. एक पथ्य मात्र पाळायचं: ज्या वस्तूवर इंजिन नंबर किंवा चासी नंबर कोरलेला असतो ती कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. ती कोणाच्या गाडीची आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि पोलिसांनी विचारलं तर सांगायला तोंड नसतं. खरा आधार आहे तो दुसऱ्या इम्पल्सवाल्यांचा. सातारच्या एका गृहस्थांची गाडी अपघातात चासीतून वाकली होती, पण तिचं प्लास्टिक जवळजवळ धड होतं. मी जाऊन व्हायझर आणि दोन्ही साइड कव्हर घेतली आणि एसटीने परत निघालो. व्हायझर मांडीवर बघून कंडक्टर म्हणाले, "मामा, याचं अर्धं काढू का?" ते व्हायझर गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवलं आहे. अजून लागलेलं नाही, आणि न लागो.

ब्राझीलचाही विचार मी करून बघितला. इम्पल्स ज्या गाडीवरून बेतली ती होंडाची एनएक्सआर १५० ब्रॉस तिकडे घरोघरी आहे, आणि तिचे भाग तिकडे मुबलक. पण मडगार्डसारखी हलकी, मोठ्या आकाराची वस्तू समुद्रापलीकडून आणायची म्हणजे भाडं, वर सीमाशुल्क, आणि इतकं करून भोकं जुळतील याची खात्री नाही. तो नाद सोडला.

सुट्या भागांइतकाच कागदांचा विचार करायला हवा. खाजगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. सुरुवातीच्या इम्पल्स आता त्या टप्प्याला येत आहेत. २०१२ची असेल तर २०२७. पुढची नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते, पण त्याआधी आरटीओत तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाहीत. म्हणून फुटलेल्या हेडलाइटच्या जागी भलताच दिवा आणि बंद मीटरच्या जागी सायकलचं मीटर असल्या जोडण्या रानात खपतात, तपासणीत नाही. म्हणजे फिरून त्याच लाल यादीवर यायचं.

कोणी अशी बंद झालेली दुहेरी गाडी जुनी घ्यायला निघालं, की मला विचारतात, "इंजिन कसं बघायचं?" इंजिन शेवटी बघा. आवाज करत असेल तर करू दे, त्याचे भाग मिळतात आणि चांगला मिस्त्री ते बांधूनही देतो. आधी मडगार्डच्या बोल्टची भोकं बघा. व्हायझरचे कान शाबूत आहेत का बघा. मीटरचा काटा हलतो का बघा. फोर्कच्या पाइपवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तो पाइप सीलं खात राहणार. हे सगळं धड असेल तर घासाघीस करून गाडी घ्या, नसेल तर फुकट मिळाली तरी नको.

आणि ज्यांच्या पार्किंगमध्ये इम्पल्स ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी आहे त्यांना एक विनंती. ती पुन्हा चालवायची नसेल तर रीतसर आरटीओत कळवून नोंदणी रद्द करा, पण भंगारात घालण्याआधी एखाद्या इम्पल्सवाल्याला फोन करा. भंगारवाला तुमच्या व्हायझरला किलोचा भाव देईल. आम्ही नगाचा देऊ.