वरोऱ्याचें आनंदवन

नागपुराहून चंद्रपुराकडे जातांना वाटेंत वरोरा हें गांव लागतें. गांवाबाहेर थोड्याच अंतरावर आनंदवन आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही तें पाहावयास गेलों, तेव्हां मनांत करुणा होती. आणि खरें सांगावयाचें तर थोडी धास्तीही होती. देवळाच्या पायरीवरील कुष्ठरोग्याच्या थाळींत वरून पैसा टाकून अंग चोरून पुढें जावयाचें, ही आपल्या घरांतील जुनी संवय. ती एका दिवसांत कशी जाणार?

हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यांतील वकील मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे ह्यांनीं १९४९ सालीं ‘महारोगी सेवा समिति’ स्थापिली. १९५१ सालीं पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, ६ रोगी, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढ्या भांडवलावर ओसाड जमिनींत वसाहत सुरू झाली. नव्या औषधांनीं रोग बरा होऊं लागला होता. परंतु झडलेलीं बोटें परत येत नाहींत, आणि समाजानें मिटलेलें दारही आपण होऊन उघडत नाहीं. म्हणून बाबांनीं त्या हातांना भिक्षा न देतां काम दिलें. विहीर खणली, शेत पिकलें. पण ती भाजी घेणार कोण? वरोऱ्यांत तिला गिऱ्हाईक मिळेना! १९५४ सालीं ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी स्वयंसेवक येथें राहून इमारती बांधूं लागले, येथलेंच अन्न जेवूं लागले, तें पाहून गांवाची भीति ओसरली. पुढें १९६४ सालीं याच वसाहतींत महाविद्यालय निघालें आणि गांवचीं धडधाकट मुलें तेथें शिकूं लागलीं. याचक दाता झाला तो असा. कालांतरानें अंध, मूकबधिर व अपंग ह्यांसही येथें शिक्षण व काम मिळालें. बाबा २००८ सालीं निवर्तले. काम चालूच आहे.

हातमागावर एक प्रौढ विणकर बसले होते. बोटें आंखडलेलीं, दोरीची मूठ मनगटांत अडकवून ते धोटा फेकीत होते. वीण मात्र कोठें ढिली नव्हती. आम्हीं एक सतरंजी घेतली व उरलेले पैसे राहूं द्या म्हटलें. विक्रीवरील गृहस्थांनीं ते मोजून आमच्या हातावर ठेवले. “किंमत पोंचली,” एवढेंच ते म्हणाले. त्या हाताचा स्पर्श झाला, आणि हात मागें घ्यावयाचें आम्हांस सुचलेंही नाहीं.

वाचकहो, ती सतरंजी आतां आमच्या बैठकींत अंथरलेली असते. ती कोणीं विणली हें आम्ही पाहुण्यांस सांगतों. कोणी क्षणभर बिचकतो, मग बसतो.