आजचा आकडा आला का?

तुम्हीही केलंय ना हे? खरं सांगा. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी मोबाइल, आणि मोबाइलवर सगळ्यात आधी आकडा. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तर 'गुड मॉर्निंग'ची सुट्टीच झाली होती. "आज किती?" "तीन साठ." बस्स. पुढे 'लाख' लावायचीही गरज उरली नव्हती.

मी एमआयएसमध्ये काम करते. म्हणजे दिवसभर एक्सेल आणि दुसऱ्यांनी विकलेल्या मालाचे आकडे. त्यामुळे ग्रुपने मला न विचारताच माझं पोस्टिंग करून टाकलं : आकडेवाली बाई. मीही ते मनापासून केलं. वर्क फ्रॉम होम, कोथरूडचा वन बीएचके, खिडकीतून दिवसभर अँब्युलन्सचे आवाज. अशा वेळी हाताला काहीतरी काम हवं असतं. कुणी केळ्याचा केक केला, मी शीट केली.

सकाळी केंद्रीय आरोग्य खात्याचा आकडा यायचा, आठ वाजेपर्यंतच्या २४ तासांचा. संध्याकाळी राज्याचं बुलेटिन. आणि दिवसभर 'कोविड१९इंडिया'. काही व्हॉलंटिअर्सनी २०२०च्या मार्चमध्ये सुरू केलेला हा ट्रॅकर म्हणजे सॉलिड प्रकार होता. प्रत्येक राज्याचं बुलेटिन शोधायचं, त्यातले आकडे हाताने भरायचे, जिल्ह्यापर्यंत. कुणाचं बुलेटिन पीडीएफमध्ये, कुणाचं नुसतं ट्विट, कुणाचं चक्क फोटोत. पगार शून्य. ३१ ऑक्टोबर २०२१ला त्यांनी ते थांबवलं तेव्हा मला एखादा कलीग नोकरी सोडून गेल्यासारखं वाटलं. असो.

आकडेवाल्या बाईचं मुख्य काम म्हणजे लोकांना शांत करणं, आणि कधीकधी उगाच शांत झालेल्यांना हलवणं. सोमवारी-मंगळवारी आकडा उतरायचा. लगेच ग्रुपवर टाळ्या, एकाचे गोव्याचे प्लॅन. अरे बाबा, रविवारी लॅब अर्ध्या बंद असतात, टेस्टच कमी होतात! म्हणून सात दिवसांची सरासरी बघायची. आणि नुसता आकडा बघायचाच नाही, शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह ते बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा फंडा होता की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत हवं. मेच्या सुरुवातीला देशात ते वीसच्या वर होतं. गोव्यात तर टेस्ट केलेल्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघत होता. (प्लॅनवाला त्यानंतर गप्प झाला.)

सगळ्यात अवघड होतं मृत्यूंचं. ६ मेला देशात ४ लाख १४ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले, तो कळस. त्यानंतर रेघ खाली यायला लागली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण आज पॉझिटिव्ह आलेला माणूस आज जात नाही. आठ दिवस घरी, मग बेड, मग ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर... दोन-तीन आठवडे जातात. मृत्यूंचा कळस आला १९ मेच्या सकाळी : ४,५२९. रुग्ण कमी होत असताना मृत्यू वाढत होते. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा कुणीच काही टाईप केलं नाही.

आणि तोपर्यंत माझे काका गेले होते.

साताऱ्याचे काका, वय ६२, रिटायर्ड शिक्षक. ताप आला, टेस्ट केली, निगेटिव्ह. दोन दिवसांनी पुन्हा केली, निगेटिव्ह. सीटी स्कॅनचा स्कोअर मात्र २५ पैकी १८. एका खासगी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डातच त्यांना ठेवलं, औषधं कोविडचीच दिली. २ मेला पहाटे गेले. किट घातलेल्या माणसांनी परस्पर नेलं, काकूने व्हिडिओ कॉलवर बघितलं. बिलात किटचे पैसेही लावले होते. कागदावर कारण : न्यूमोनिया.

म्हणजे वॉर्डासाठी कोविड, स्मशानासाठी कोविड, बिलासाठीसुद्धा कोविड. फक्त मोजणीसाठी नाही. माझ्या शीटमध्ये २ मेचा सातारा जिल्ह्याचा आकडा आहे. त्या रकान्यात काका नाहीत हे मला तेव्हाच माहीत होतं, कारण पॉझिटिव्हच्या यादीत जो नाही तो मृतांच्या यादीत येणार कुठून?

गंमत म्हणजे नियम होता. टेस्ट निगेटिव्ह असली तरी लक्षणं कोविडची असतील तर तसं नोंदवा, त्यासाठी वेगळा कोडही आहे, असं आयसीएमआरच्या २०२०च्या सूचनांमध्येच होतं. पण फॉर्म भरणारा डॉक्टर छत्तीस तास उभा असेल तर तो कुठला कोड शोधणार! आणि एरवी तरी आपल्याकडे काय सांगायचं? २०२०मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे नुसते गेले.

मग मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. १० जूनला देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू! ग्रुपवर घबराट. पण ते त्या दिवशीचे नव्हतेच. पाटणा हायकोर्टाने दट्ट्या दिल्यावर बिहारने फेरतपासणी केली आणि ३,९५१ जुने मृत्यू एका फटक्यात यादीत घातले. त्या महिन्यात आपल्या राज्यातही मागचे राहिलेले मृत्यू थोडेथोडे मिळवले जात होते. म्हणजे रोजचा आकडा त्या दिवशी किती गेले ते सांगतच नव्हता. त्या दिवशी किती कागद वरपर्यंत पोचले, ते सांगत होता.

गुजरातमध्ये 'दिव्य भास्कर'ने वेगळीच मोजणी केली. १ मार्च ते १० मे २०२१मध्ये किती मृत्यूचे दाखले निघाले ते बघितलं : सुमारे १ लाख २३ हजार. आदल्या वर्षी त्याच काळात ५८ हजार. आणि कोविडचे अधिकृत मृत्यू? चार हजारांच्या थोडे वर. एक्सेलमध्ये माझा असा घोळ निघाला तर बॉस मला केबिनमध्ये बोलावेल.

पुढे सुप्रीम कोर्टामुळे ५० हजारांची मदत मिळायला लागली आणि टेस्टशिवाय, हॉस्पिटलच्या तपासण्यांवरून ठरलेला कोविडही धरला जाऊ लागला. डिसेंबरमध्ये मी काकूचा ऑनलाइन अर्ज भरला. आधार, दाखला, पासबुक, सीटी स्कॅन. एकदा परत आला, मग जिल्ह्याच्या समितीकडे गेला. जानेवारी २०२२मध्ये कोर्टात आकडे आले तेव्हा महाराष्ट्रातले नोंदलेले मृत्यू होते १ लाख ४१ हजारांच्या आसपास, आणि अर्ज दोन लाखांच्या वर. गुजरातचे मृत्यू १० हजार, अर्ज जवळपास ९० हजार. यात दुबार अर्ज असणार, खोटेही असणार, मान्य. पण सगळे?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये अंदाज दिला : दोन वर्षांत भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू. सरकारला तो मान्य नव्हता, मॉडेलच चुकीचं म्हणाले. ठीक आहे, मॉडेल सोडून देऊ. मग मे २०२५मध्ये सरकारचीच जन्म-मृत्यू नोंदणीची आकडेवारी आली. नोंदलेले मृत्यू २०१९मध्ये ७६ लाख, २०२०मध्ये ८१ लाख, २०२१मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली, लोकसंख्या वाढली, सगळं वजा करा. तरी एका वर्षात वीस लाखांची उडी राहतेच समोर. त्या वर्षी कोविडचे अधिकृत मृत्यू साधारण ३ लाख ३२ हजार.

या एक कोटी दोन लाखांत मात्र काका आहेत. दाखला आहे म्हणजे आहेतच. त्या दिवशी मी जुनी शीट उघडली आणि त्यात एक नवीन ओळ टाकली. बाकी काही केलं नाही.

काकूचे पैसे २०२२च्या मार्चमध्ये जमा झाले. तिचा फोन आला. आधी बँकेचा मेसेज वाचून दाखवला, शून्यं मोजून. मग म्हणाली, "मग ह्यांना धरलं का गं त्यात?"

मी म्हटलं, "काकू, पैशांचं खातं वेगळं आणि मोजणीचं वेगळं."

"म्हणजे नाही धरलं," ती म्हणाली. आणि मग विचारलं, पुन्हा अर्ज करायचा तर कुठे करायचा.