वाळू नसलेला समुद्र

समुद्रावर जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भेळ, ओली वाळू, साडी सावरत अंगावर घेतलेल्या लाटा आणि घरी आल्यावर मोरीत झटकलेले मुलांचे कपडे! माझं माहेर रत्नागिरीचं. भाट्याच्या वाळूत खेळतच मी मोठी झाले. त्यामुळे समुद्राचं आपल्याला काय अप्रूप, असं मी समजून चालले होते.

2023 च्या मे महिन्यात यांना कंपनीच्या कामासाठी दीड महिना लंडनला जावं लागलं. माझी नोकरी अर्धवेळ शिक्षिकेची, त्यात उन्हाळ्याची सुट्टी. मुलांना सासूबाईंजवळ ठेवून पंधरा दिवस मीही जाऊन आले. निघताना जाऊबाईंनी मेतकूट, भाजणी आणि एक काम बरोबर दिलं. त्यांची लेक तेव्हा तिथे एम.एस्सी. करत होती. "फोटोत सदा हसत असते गं," त्या म्हणाल्या, "पण तू एकदा डोळ्यांनी बघून ये."

पुतणीनं पहिल्याच रविवारी फर्मान काढलं, "काकू, राजवाडे काय सगळेच बघतात. तू आमच्याबरोबर ब्रायटनला चल." पहाटे पाचला उठून मी दशम्या केल्या, लसणीची चटणी बांधून घेतली. हे हसत होते. हसोत बापडे! प्रवासात दशमीसारखं दुसरं काही टिकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आम्ही सहाजण होतो. पुतणी, तिची कोल्हापूरची मैत्रीण, एक हैदराबादचा आणि एक नेपाळचा मुलगा, इतिहास शिकणारी एक नायजेरियन मुलगी आणि मी. तिकडे तिघं ते नऊजण मिळून गर्दीची वेळ टाळून निघाले, तर रेल्वेच्या तिकिटात जवळजवळ एक तृतीयांश सूट मिळते. कुणाचं परदेशी जाणं असलं तर लक्षात ठेवा. व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी तासाभरात ब्रायटनला पोचते. स्टेशनाबाहेर आलं की रस्ता सरळ उताराला लागतो आणि टोकाला समुद्र दिसतो.

आणि वाळू? नावाला नाही! सगळा किनारा गोट्यांचा. बटाट्याएवढे, सुपारीएवढे, करडे नि तांबूस गुळगुळीत गोटे. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घरंगळतात नि सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज येतो. माझ्या साध्या चपलांनी दहा पावलांतच हात टेकले. पाणी म्हणाल तर फ्रिजमधल्या बाटलीसारखं. पण तिथल्या बायका मुलांना घेऊन खुशाल त्यात उतरत होत्या.

समुद्रात लांबवर गेलेला लोखंडी धक्का आहे, तो 1899 सालचा. त्यावर पाळणे, खेळ, खाण्याची दुकानं, अगदी आपली जत्रा. पलीकडे दुसऱ्या धक्क्याचा नुसता सांगाडा पाण्यात उभा आहे. तो 1975 साली बंद पडला आणि 2003 मध्ये आगीत जळाला. आम्ही सगळ्यांत मिळून तळलेला मासा नि बटाट्याच्या जाड काचऱ्यांचा एकच पुडा घेतला. त्यातलाही अर्धा मासा एका सीगलनं नेपाळच्या मुलाच्या हातातून सरळ उचलून नेला! मग माझ्या दशम्यांचं भाग्य उजळलं. पुतणीनं सहा खाल्ल्या. मला मेलीला काय, कौतुकच वाटलं.

दुपारी रॉयल पॅव्हेलियन पाहिलं, तेही बाहेरूनच, कारण तिकीट मुलांना झेपणारं नव्हतं. जॉन नॅश या वास्तुशिल्पकारानं चौथ्या जॉर्ज राजासाठी हे घुमटांचं प्रकरण 1815 ते 1823 मध्ये उभारलं. पाहताना आपण आग्र्याला आलो की काय असं वाटतं. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या अखेरीपासून 1916 च्या सुरुवातीपर्यंत, इथे जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. नायजेरियन मुलीनं सांगितलं, जातीधर्माप्रमाणे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू नि मुसलमानांचं पाणीही निराळं. नऊ चुली! तीन पाहुण्यांची पथ्यं सांभाळताना आपली तारांबळ उडते. त्रेपन्न हिंदू-शीख शिपायांचे अंत्यसंस्कार गावामागच्या टेकडीवर झाले. तिथे 1921 साली संगमरवरी छत्री बांधली. त्यांची रक्षा याच समुद्रात सोडली. "आणि झुंबरांखाली झोपलेल्या शिपायांचे फोटो छापून पोस्टकार्डं काढली होती," ती म्हणाली. "किती मजेत आहेत, ते जगाला दिसावं म्हणून."

पुतणी एकदम गप्प झाली. मुलं पुन्हा धक्क्याकडे गेली, आम्ही दोघी गोट्यांवर टेकलो.

हातातला गोटा खालीवर करीत ती म्हणाली, "काकू, मीपण पोस्टकार्डंच पाठवते गं."

तिचं दुकानातलं काम फेब्रुवारीतच सुटलं होतं. विद्यार्थ्यांना कॉलेज चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं; त्यातून तिचं खाणंपिणं निघायचं. ते थांबल्यावर ती एकवेळ जेवत होती. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं, आता आणखी कुठल्या तोंडानं मागू, हे तिचं म्हणणं. आणि ते हसरे फोटो? डिसेंबरात एकाच दिवशी मैत्रिणींचे स्वेटर बदलून बदलून काढलेले. आठवड्याला एक, असे पुरवून पुरवून घरी पाठवलेले. ब्रायटनचा बेतही तिकिटापायी दोनदा रद्द झाला होता.

मला त्या सहा दशम्या आठवल्या, नि कौतुक वाटलेलं आठवलं.

"आईला सांगू नकोस हं," तिनं हात धरला. मी "बरं" म्हटलं. काय म्हणणार? नणंदेच्या पर्ससाठी नि माझ्या स्वेटरसाठी बाजूला काढलेले पौंड होते, ते तिच्या कोटाच्या खिशात कोंबले. ती नको नको म्हणत राहिली, मग रडली, मग आम्ही दोघींनी नाकं पुसली. मुलं परत आली तेव्हा वाऱ्यानं डोळे लाल झालेत म्हणून सांगितलं. कोल्हापूरची पोरगी काही फसली नाही. तिनं उरलेली चटणी मुकाट्यानं पुतणीच्या पिशवीत घातली.

निघण्यापूर्वी सगळ्यांचा फोटो झाला. मागे समुद्र, पुतणी मध्यभागी, छान हसणारी. गाडीत बसेपर्यंत तो घरी पोचलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊबाईंचा फोन.

"फोटो पाहिला गं. उन्हानं रापलीय का?"

"नाही हो ताई," मी म्हटलं, "बारीक झालीय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "थांब. मी तिलाच फोन लावते."