भरतीचं गणित

रात्री जुना कोड उघडला. हौशी कामांतलं माझं थोरलं अपत्य: रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम. मिरकरवाड्यातल्या खलाशाचं त्यावाचून काही अडत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास हाती येतो. अष्टमीला साधारण सहा. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान कधी, सगळं तोंडपाठ.

तरी लिहिला. डेव्हिड फ्लेटर यांचा एक्सटाइड हा भरतीचाच प्रोग्रॅम जीपीएल परवान्याखाली खुला आहे, म्हणून आत डोकावता आलं. चंद्राची मुख्य लाट 12 तास 25 मिनिटांची, सूर्याची 12 तासांची, शिवाय कितीतरी बारीकसारीक. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे मांडवीच्या जेटीवर चढणारं पाणी. हे कळलं तेव्हा झोप उडाली होती.

अशा हौशी कामाला पगार नाही, आभार क्वचित, फर्माइशी मात्र भरपूर. (लिनस टोरवाल्ड्स यांनीही 1991 मध्ये लिनक्सला छंदच म्हटलं होतं. पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. माझं तसं काही होणार नाही, आणि बरंच आहे.)

आता माझ्या प्रोग्रॅममध्ये खलाशांचा पाऊणपटीचा नियमही घालतोय. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी दिसतील. पावसाळ्यात वाऱ्याने पाणी फुगलं, की दोन्ही अंदाज तोकडेच पडतात.