बादलीला विचारा

कोणी घराची बढाई मारतो, कोणी जमिनीची. माझे वडील हौदाची मारीत. अंबडच्या बाजूला आमची मोसंबीची बाग आहे. तिच्यातला हा हौद वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. दोन पिढ्यांची पोरे पाठीला वाळके भोपळे बांधून त्यात पोहायला शिकली. गिलावा चुन्याचा. घाणीवर चुना मळताना गुळाचे पाणी किती आणि बेलफळाचा गर किती, हे वडील आल्यागेल्याला ऐकवीत आणि शेवटी म्हणत, "मुंगी पाणी पिऊन गेली तरी या हौदात कळेल!"

२०१३ सालचा एप्रिल. आदल्या पावसाळ्याने दगा दिलेला. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. आम्ही टँकर विकत घेऊन हौदात रिकामा करीत असू आणि तेच पाणी झाडांना थेंबाथेंबाने पुरवीत असू. एके दिवशी झाडांना पाणी सोडले नव्हते, तरी संध्याकाळी हौद करंगळीच्या जाडीइतका उतरलेला दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच.

गिलाव्यावर केसासारख्या भेगांचे जाळे होते, हे मला ठाऊक होते. पण वडिलांचा हौद गळेल कसा? मनाला दुसरे उत्तर सोपे वाटले. शेजारच्या मळ्यातल्या वहिनी आमच्याच सांगण्यावरून रोज दोन घागरी नेत. त्यांची विहीर माघातच आटली होती. दोनाच्या दहा व्हायला काय उशीर! मी फाटकाला कुलूप घातले. वहिनी आल्या, कुलपाकडे पाहिले आणि रिकामी घागर घेऊन परतल्या. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला रात्री वाटले. पण किल्ली खिशातच राहिली.

कुलूप लागले तरी पाणी उतरतच राहिले. तेव्हा कुठे मी जुन्या मिस्त्रीला बोलावले. त्याने भेगांवरून नख फिरवले आणि म्हणाला, "गुरुजी, पाणी कोण नेतो ते बादलीला विचारा." पाण्यातल्या पायरीवर त्याने एक बादली ठेवली, बाहेरच्या पाण्याइतकेच पाणी तिच्यात भरले आणि दोन्हीकडे खिळ्याने खूण केली. हौद गळत असेल तर तो बादलीपेक्षा जास्त उतरेल. ऊन मात्र दोघांवर सारखाच हात मारते. दोन दिवसांनी पाहतो तो दोन्ही पाणी सारखेच खाली!

तीनशे चौरस फुटांच्या हौदातून एक सेंटिमीटर पाणी उडाले म्हणजे सुमारे पावणेतीनशे लिटर गेले. दोन घागरी नेणाऱ्या बाईच्या नावावर सूर्याच्या वीस घागरी मी मांडल्या होत्या.

मग मिस्त्रीने सुईने भेगेशी शाईचा थेंब सोडला. शाई तिथेच विरली, आत ओढली गेली नाही. "चुना आपली भेग आपण भरतो," तो म्हणाला. चुन्याचा अंश पाण्यात विरघळून बारीक फटीत पुन्हा घट्ट बसतो; त्या भेगा पांढुरक्या दिसत होत्या त्या म्हणूनच. त्यांना हात लावायचा नाही, फक्त हौद उन्हात कोरडा पडू द्यायचा नाही. पाण्याच्या वर, कोपऱ्यातल्या एका ठिगळावर दगडाने ठोकताच मात्र बद्द आवाज आला. ते सिमेंटचे ठिगळ काही वर्षांपूर्वी मीच मोठ्या हौसेने लावले होते. ताठ सिमेंटचे मऊ चुन्याशी पटत नाही. ते कडेने सुटते. ते काढून त्याने चुना आणि बारीक वाळू भरली, वर ओले गोणपाट लावले. हौदावर आम्ही पऱ्हाट्यांचे ताटवे टाकले; पाणी उडायचे थांबले नाही, थोडे कमी झाले.

कुलूप त्याच दिवशी काढले. वहिनींकडे जाऊन "फाटक उघडे आहे" एवढेच म्हणालो. बादलीची हकीकत सांगायची होती, जमले नाही.

पूर्वी त्या थेट हौदापर्यंत येत. अजूनही पावसाने ओढ दिली की येतात. फाटक सताड उघडे असते, पण बाहेर उभ्या राहून विचारतात, "भाऊजी, येऊ का आत?"