बाबांच्या जीपचे दिवे

शनिवारी नागपूरहून साकोलीला घरी गेलो तर बाबांचा एकच घोशा, जीपचे जास्तीचे दिवे गेले. शेत नागझिऱ्याच्या जंगलाकडे. रात्री मोटर सुरू करायला जावं लागतं, मध्येच रानडुक्कर आडवं येतं.

मल्टिमीटर काढला. बॅटरीला १३.८ व्होल्ट, बल्बपाशी १०.५! ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण ९ अँपियर, ते सगळे डॅशबोर्डच्या स्विचमधून, बारीक वायरने. रिलेच नाही. (वायरिंग मीच केलं होतं, बारावीत. हसू नका.) व्होल्टेज १० टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. रिले, फ्यूज, जाड वायर टाकली, अर्थिंगचा गंज घासला. रिफ्लेक्टर काळवंडलेले, म्हणून दिवेही नवे आणले. एलईडी बारला बाबा नाही म्हणाले, समोरच्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात म्हणे.

रात्री ट्रायल. मला लांबचा मोह लख्ख दिसत होता. बाबा स्टीअरिंगवर वाकून म्हणाले, "अजून अंधुकच दिसते रे."

येताना जीप मी चालवली. सोमवारची सुट्टी टाकलीय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय.